स्कॉटलंडमधल्या लॉक नेस तळ्याच्या तळातून वर आलेलं वेलिंग्टन विमान आणि ते पुन्हा जोडणारे व्हॉलंटियर्स : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी लंडनच्या नैर्ऋत्येला सरे भागात राहतो आणि घरी भारतातून कोणीही पाहुणे आले की त्यांना एकदा तरी वेब्रिजच्या ब्रुकलँड्स म्युझियमला घेऊन जातो. तिथे एक जुनं बॉम्बर विमान आहे, त्याच्यासमोर उभं राहून लोक मला तेच तेच प्रश्न विचारतात. काका-मावशींपासून भाच्यापर्यंत सगळ्यांचे प्रश्न सारखेच, म्हणून म्हटलं एकदाच सगळं नीट लिहून काढू. मी स्वतः गेली काही वर्षं शनिवारी दुसऱ्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये युद्धकाळातल्या एका ट्रेनर विमानावर काम करतो, त्यामुळे हाताने काम करण्याबद्दल जे लिहिलंय ते तिथल्या अनुभवावरून आहे, ब्रुकलँड्सच्या टीमच्या वतीने मी बोलत नाहीये.

हे नक्की कुठलं विमान आहे?

व्हिकर्स वेलिंग्टन, मार्क वन-ए, नंबर एन २९८०. दोन इंजिनांचं ब्रिटिश बॉम्बर. वेलिंग्टन एकूण ११,४६१ बनली आणि आज त्यातली धड म्हणावी अशी फक्त दोन उरलीत. एक रॉयल एअर फोर्स म्युझियमकडे आहे, ते ट्रेनिंगचं, आणि दुसरं हे. प्रत्यक्ष बॉम्बिंगच्या मोहिमांवर गेलेलं एकमेव शिल्लक वेलिंग्टन म्हणजे हेच. बरं, ते बनलंही इथेच, ब्रुकलँड्सच्याच कारखान्यात, १९३९ च्या नोव्हेंबरमध्ये. म्हणजे लेक सासरी जाऊन, नको नको ते भोगून, शेवटी माहेरी परत आली असं समजा.

लढाईत काय केलं त्याने?

पहिल्या महिन्यातच मोठी परीक्षा. १८ डिसेंबर १९३९ ला दिवसाढवळ्या जर्मनीच्या किनाऱ्यावर, विल्हेल्म्सहाफेनच्या बाजूला, नौदलाच्या जहाजांवर हल्ला करायला २४ वेलिंग्टन निघाली, दोन वाटेतून परतली आणि उरलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त त्या दिवसात संपली. त्याला हेलिगोलंड बाइटची लढाई म्हणतात. एन २९८० परत आलं. तोपर्यंत ब्रिटिशांना वाटत होतं की बॉम्बर एकमेकांना धरून उडाले तर स्वतःच्या बंदुकांनी स्वतःला वाचवू शकतात, तो समज त्या दिवशी मोडला आणि पुढे त्यांचा सगळा भर रात्रीच्या हल्ल्यांवर गेला. त्यानंतर या विमानाने दुसऱ्या स्क्वॉड्रनकडून (विमानांच्या तुकडीकडून) आणखी १४ मोहिमा केल्या आणि मग १९४० च्या ऑक्टोबरात त्याला स्कॉटलंडमध्ये लॉसीमाउथला ट्रेनिंग युनिटकडे पाठवलं.

तळ्यात कसं काय पडलं?

३१ डिसेंबर १९४०. स्कॉटलंडमध्ये नववर्षाची आदली संध्याकाळ म्हणजे आपल्याकडे दिवाळीची पहिली पहाट असते तशी, घराघरात तयारी. शिकाऊ नॅव्हिगेटर्सना घेऊन विमान डोंगरांवरून चाललं होतं, बर्फाचं वादळ आलं, उजवं इंजिन बंद पडलं आणि विमान उंची गमवायला लागलं. स्क्वॉड्रन लीडर मारवुड-एल्टन यांनी बाकीच्यांना पॅराशूटने उड्या मारायला सांगितलं आणि ते आणि दुसरा पायलट असे दोघे विमानात थांबले. ढगांच्या फटीतून खाली पाण्याचा लांबच लांब पट्टा दिसला, तो लॉक नेस, आणि त्यांनी विमान त्यावर उतरवलं. बुडायच्या आत दोघं पंखावर आले, रबरी होडीत बसून काठाला लागले आणि एका लॉरीवाल्याने त्यांना इनव्हरनेसला सोडलं.

उड्या मारलेल्यांपैकी मागच्या टर्रेटमधला, म्हणजे शेपटाकडच्या बंदुकीच्या फिरत्या घुमटीतला गनर, सार्जंट फेन्सम, वाचला नाही, त्याच्या पॅराशूटने दगा दिला. त्याचं नाव मी मुद्दाम इथे लिहितोय, कारण विमानाची गोष्ट सांगताना लोक तळं, राक्षस, क्रेन सगळं सांगतात आणि त्याचं नाव राहून जातं.

राक्षस शोधताना सापडलं हे खरं का?

हो खरं आहे. १९७६ मध्ये एक अमेरिकन टीम लॉक नेसमधल्या 'नेसी' या दंतकथेतल्या प्रसिद्ध राक्षसाला सोनारने (आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचं टिपणाऱ्या यंत्राने) शोधत होती, त्यांच्या कागदावर विमानाच्या आकाराचं काहीतरी उमटलं. आधी वाटलं कॅटालिना नावाचं समुद्री विमान असेल, पण दोन वर्षांनी एडिनबराच्या हेरियट-वॉट युनिव्हर्सिटीच्या लोकांनी पाण्याखाली कॅमेरा सोडला तेव्हा ती जाळीदार बांधणी दिसली, आणि ती बांधणी एकदा पाहिली की दुसऱ्या कशाचा संशय येतच नाही. साधारण ७० मीटर खोल होतं. १९८५ च्या सप्टेंबरमध्ये वर काढलं, एकदा उचलायची फ्रेमच मोडली, मग पुन्हा सगळं उभं करून २१ तारखेला ते पाण्याबाहेर आलं आणि आठवड्याभरात ट्रकवरून ब्रुकलँड्सला पोचलं.

४५ वर्षं पाण्यात राहून विरघळलं कसं नाही?

पाणी गोडं होतं आणि बर्फासारखं थंड होतं, खाली प्रकाश नाही, लाटा नाहीत. समुद्रात असतं तर मिठाने खाऊन टाकलं असतं. विमानाचा सांगाडा ड्युरॅल्युमिनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा कडक मिश्रधातू, तो बराच टिकला. लोखंडी भाग गंजतात आणि मॅग्नेशियमवाले भाग तर पाण्यात अक्षरशः भुसभुशीत होतात, हाताने चुरा होतो. तरीसुद्धा आत क्रूच्या वैयक्तिक वस्तू मिळाल्या आणि मागचे दिवे नवीन बॅटरीला जोडले तर पेटले! हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता, अजूनही सांगताना अंगावर काटा येतो.

एक गोष्ट मात्र लोकांच्या लक्षात येत नाही. पाण्यातून बाहेर काढलं की धोका संपत नाही, उलट खरा धोका तिथून सुरू होतो. पाण्याखाली गंज सावकाश चालतो, हवा लागली की झपाट्याने. म्हणून वर काढल्यावर पहिलं काम म्हणजे धुणं, गाळ काढणं, वाळवणं, भाग सुटे करणं, प्रत्येकाला नंबर देणं. हे काम फोटोत चांगलं दिसत नाही पण सगळं त्याच्यावर उभं असतं.

ते असं जाळीसारखं का दिसतं? अर्धवट राहिलंय का?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि माझा सगळ्यात आवडता.

माझे बाबा सांगलीहून आले होते तेव्हा त्यांना तिथे नेलं. ते पाच मिनिटं काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "अरे, हे तर बुरुडाने विणलंय." त्यांनी एका वाक्यात जे सांगितलं ते मला अजूनपर्यंत याहून चांगलं सांगता आलेलं नाही. टोपली विणताना कसं, कांबी तिरप्या एकमेकींवरून जातात, एक इकडून एक तिकडून, आणि एखादी कांब मोडली तरी टोपली बसत नाही, आजूबाजूच्या कांबी भार वाटून घेतात. वेलिंग्टनची बांधणी अगदी तशीच आहे. धातूच्या पन्हळीसारख्या वाकवलेल्या पट्ट्या, दोन दिशांनी तिरप्या जाणाऱ्या, जिथे एकमेकींना छेदतात तिथे छोट्या पत्र्याने जोडलेल्या, की सगळीकडे शंकरपाळ्याच्या आकाराची भोकं तयार होतात. याला जिओडेटिक बांधणी म्हणतात आणि ती इंजिनियर बार्न्स वॉलिस यांची. ते आधी आर १०० नावाच्या एअरशिपवर, म्हणजे वायू भरलेल्या अवाढव्य फुग्यासारख्या उडत्या जहाजावर काम करत होते, तिथल्या अनुभवातून ही कल्पना पुढे आली. पुढे १९४३ मध्ये जर्मनीतली धरणं फोडणारा पाण्यावर उड्या मारत जाणारा बॉम्ब केला तेही हेच, आणि त्या बॉम्बच्या सुरुवातीच्या चाचण्या वेलिंग्टनमधूनच झाल्या.

या जाळीवर लाकडी पट्ट्या बसवून त्यावर लिनन कापड ताणायचे आणि कापडाला डोप नावाचा वार्निशसारखा द्रव लावायचे, त्याने कापड आवळून ढोलकीसारखं ताठ होतं. पत्र्याचं नाही, कापडाचं बॉम्बर! विमानविरोधी तोफेचा गोळा लागून भलंमोठं भगदाड पडायचं, कापड जळून जायचं, आणि जाळीच्या जोरावर विमान घरी यायचं. असे फोटो आहेत, बघितले तर वाटतं हे उडूच शकत नाही.

एन २९८० वर कापड बहुतेक ठिकाणी लावलेलंच नाही, कारण लावलं तर ही सगळी वीण झाकली जाईल. मला हा निर्णय शंभर टक्के पटतो. आणि ज्यांना वाटतं की रंगरंगोटी करून चकाचक करायला हवं होतं त्यांना मी नेहमी सांगतो, चकाचक मॉडेल कुठेही मिळेल.

हे व्हॉलंटियर्स कोण असतात? पगार मिळतो का?

पगार नाही. ब्रुकलँड्समध्ये शेकडो व्हॉलंटियर्स आहेत, फक्त विमानांवर नाही, जुन्या रेसिंग कार, बस, दुकान, गाइड, सगळीकडे. १९०७ मध्ये इथे मुद्दाम रेसिंगसाठी बांधलेला ट्रॅक सुरू झाला होता, विमानं नंतर आली. विमान जेव्हा तळ्यातून आणलं तेव्हा इथला कारखाना अजून पूर्ण बंदही झाला नव्हता, त्यामुळे आयुष्यभर विमानं बनवलेली माणसं जवळच राहत होती. असल्या माणसांच्या हातात जे असतं ते कुठल्याही पुस्तकात नसतं. आता ती पिढी जवळजवळ गेली आणि ही खरी काळजीची गोष्ट आहे, लोखंड मिळतं, ॲल्युमिनियम मिळतं, पण पट्टी कुठल्या कोनात वाकवली की ती तडकत नाही हे सांगणारा माणूस मिळत नाही.

मी इंजिनियर नाही, आयटीत आहे / गृहिणी आहे / रिटायर्ड आहे. मला जमेल का?

जमेल. आमच्या वर्कशॉपमध्ये एक शिवणकाम येणाऱ्या बाई आहेत, कापड शिवायचं आलं की आम्ही सगळे त्यांच्या हाताखाली. मेण लावलेल्या दोऱ्याने पंखाच्या बरगडीभोवती टाके घालत जायचं, ठरलेल्या अंतरावर ठरलेली गाठ, एकही टाका सैल चालत नाही. गोधडी शिवलेल्या माणसाला हे लवकर जमतं असं माझं मत आहे.

नेमकं काय काम करता तुम्ही? रोज विमान चालू करता का?

नाही हो. बहुतेक शनिवार एका भागावर जातात. एखादा ब्रॅकेट घ्यायचा, त्याच्यावर चिठ्ठी बांधलेली असते ती वाचायची, फोटो काढायचा, मऊ ब्रशने धुवायचा, पांढरी पूड दिसली की ती गंजाची असते, ती सावकाश घासून काढायची आणि खाली किती धातू उरलाय ते मोजायचं. मग ठरवायचं, ठेवायचा की नाही.

आणि रिव्हेट, म्हणजे दोन पत्रे जोडणारे धातूचे खिळे, काढणं. सगळ्यांना वाटतं बसवणं अवघड, पण अवघड आहे काढणं. रिव्हेटच्या डोक्याच्या बरोब्बर मध्यावर पंचने खूण करायची, भोकापेक्षा किंचित बारीक ड्रिलने फक्त डोक्याच्या जाडीएवढंच खोल जायचं, डोकं टोपीसारखं निघून येतं, मग उरलेला देठ हलक्या ठोक्याने बाहेर. ड्रिल अर्धा मिलिमीटर सरकलं की मूळ भोक लांबट होतं आणि ऐंशी वर्षं टिकलेला भाग तुमच्या हाताने खराब झाला. माझ्याकडून हे पहिल्याच महिन्यात झालं. त्या आवाजावरूनच कळलं मला. आमचे जे सिनियर आहेत त्यांनी तो ब्रॅकेट उचलला, कॅलिपरने मोजला, चिठ्ठीवर काय झालं ते तारखेसकट लिहून ठेवलं आणि मला काहीच बोलले नाहीत. पुढच्या शनिवारी माझ्या टेबलावर भंगारातला एक पत्रा ठेवला होता, त्यावर शंभर रिव्हेट बसवलेले. "आधी हे सगळे काढ." मी दोन शनिवार तेच केलं. आज माझ्या हातात जे काही आहे ते त्या पत्र्यामुळे आहे.

चूक लिहून ठेवायची ही सवय मला फार महत्त्वाची वाटते. पन्नास वर्षांनी दुसरं कोणीतरी तो भाग उघडेल तेव्हा त्याला कळलं पाहिजे की हे भोक १९४० चं नाही, आमचं आहे.

जो भाग मिळालाच नाही त्याचं काय?

जुनी ड्रॉइंग्ज मिळाली तर त्यावरून, नाहीतर दुसऱ्या बाजूचा तसाच भाग असेल तर त्याचा उलटा साचा घेऊन नवा बनवायचा. नव्यावर नवा असल्याची खूण करायची. जुन्यासारखा दिसावा म्हणून नवा भाग मुद्दाम मळवणं मला अजिबात मान्य नाही, ती फसवणूक आहे.

धोका असतो का?

असतो, आणि हे हलक्यात घेऊ नका. जुन्या मीटरच्या काट्यांना अंधारात चमकायला रेडियमचा रंग लावलेला असायचा, तो अजूनही किरणोत्सर्गी आहे, म्हणून असं मीटर कधीही उघडायचं नाही, घासायचं नाही. जुन्या विमानात ॲस्बेस्टॉस असू शकतो. डोपचा वास नेलपॉलिशसारखा, छान वाटतो पण बंद खोलीत डोकं फिरतं आणि तो पटकन पेट घेतो. कोणी जुन्या बाजारातून 'मिलिटरीचं मीटर' घेऊन घरी शोकेसमध्ये ठेवलं असेल तर आधी ते काय आहे ते तपासून घ्या.

हे परत कधी उडणार?

उडणार नाही. उडवायचं म्हटलं तर सांगाड्यातली बहुतेक प्रत्येक पट्टी बदलावी लागेल, कारण इतकी वर्षं पाण्यात राहिलेल्या धातूवर कोणाचा जीव सोपवता येत नाही. मग जे उडेल ते एन २९८० नसेल, त्याच्या नंबरची पाटी लावलेलं नवीन विमान असेल. ज्यांना उडणारी जुनी विमानं आवडतात त्यांच्याशी माझं भांडण नाही, मर्लिन इंजिनाचा आवाज ऐकायला मीही तासन्‌तास उभा राहतो. पण या विमानाची किंमत त्याच्या मूळ धातूत आहे, आणि तो जपायचा तर ते जमिनीवरच राहायला हवं.

शेवटी हे बॉम्ब टाकणारं यंत्र. इतक्या प्रेमाने कशाला जपायचं?

माझ्या बायकोने मला हा प्रश्न पहिल्यांदा विचारला आणि तो योग्यच आहे. १९४२ च्या मे महिन्यात जर्मनीतल्या कोलोन शहरावर एका रात्रीत हजारावर विमानं गेली त्यातली जवळपास ६०० वेलिंग्टन होती, खाली शेकडो सामान्य माणसं मेली. दुसऱ्या बाजूला ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर कमांडची ५५,५७३ माणसं युद्धात गेली, बरीचशी विशीतली पोरं. आणि ४ सप्टेंबर १९४० ला दुपारी याच वेब्रिजच्या कारखान्यावर जर्मन बॉम्ब पडले, ८० हून जास्त कामगार ठार झाले. वेलिंग्टन जोडणारे हात होते ते. ज्या जागेत हे सगळं एकत्र उभं आहे ती जागा पुसून टाकली तर आपण कोणाला काय दाखवणार? विमान डोळ्यासमोर असलं की मुलं प्रश्न विचारतात, आणि उत्तरात कोलोनही सांगावं लागतं, वेब्रिजही. मी दोन्ही सांगतो.

भारताशी काही संबंध?

वेलिंग्टनचा आहे. १९४२ नंतर रॉयल एअर फोर्सची वेलिंग्टन स्क्वॉड्रन्स बंगालच्या बाजूने ब्रह्मदेशातल्या जपानी फौजांवर जात होती.

पण मोडलेलं विमान पुन्हा उभं करण्याची गोष्ट म्हणाल तर आपल्याकडची एक गोष्ट मला याच्या तोडीची वाटते आणि ती फार कमी मराठी लोकांना माहीत आहे. युद्ध संपल्यावर कानपूरला बी-२४ लिबरेटर नावाची मोठी चार इंजिनांची बॉम्बर सोडून दिली होती, आणि ती कोणाला वापरता येऊ नयेत म्हणून मुद्दाम मोडून ठेवली होती. १९४८ मध्ये एचएएल या आपल्या विमान कारखान्याच्या लोकांनी त्या भंगारातून एकाचं इंजिन दुसऱ्याचा पंख असं करत चाळीसएक विमानं उडती केली! त्यांवर आपल्या हवाई दलाची स्क्वॉड्रन्स उभी राहिली आणि १९५१ पासून सहा नंबरचं स्क्वॉड्रन हीच विमानं घेऊन पुण्याला लोहगावला होतं. म्हणजे येरवडा-विश्रांतवाडीच्या जुन्या लोकांच्या डोक्यावरून ही विमानं गेलीत, घरी आजी-आजोबा असतील तर विचारा. १९६८ पर्यंत ती वापरात होती, आणि आज जगातल्या कितीतरी म्युझियममध्ये जी लिबरेटर आहेत ती भारतातून गेलेली आहेत, कारण बाकीच्यांनी आपापली केव्हाच वितळवून टाकली होती.

महाराष्ट्रात किंवा गोव्यात असं काही बघायला मिळेल का?

गोव्याला वास्कोजवळ बोगमाळ्याच्या रस्त्यावर नेव्हल एव्हिएशन म्युझियम आहे, तिथे फेअरी फायरफ्लाय आहे, ती मूळची दुसऱ्या महायुद्धातली डिझाइन. समुद्राची खारी हवा आणि चार महिने पाऊस, अशा ठिकाणी उघड्यावर विमान ठेवणं म्हणजे काय असतं ते तिथे जवळून पत्रा बघितला की कळतं, बीचवरून एक तास काढून नक्की जा. दिल्लीला पालमच्या एअर फोर्स म्युझियममध्ये वर सांगितलेल्या लिबरेटरपैकी एक आहे.

यूकेत मी स्टुडंट व्हिसावर आहे, व्हॉलंटियर होऊ शकतो का?

आधी तुमच्या व्हिसाच्या अटी वाचा आणि युनिव्हर्सिटीच्या व्हिसा ऑफिसला विचारा. बिनपगारी काम आणि व्हॉलंटियरिंग यात तिथे फरक धरतात. मित्र म्हणाला चालतं एवढ्यावर जाऊ नका.

मुलांना घेऊन जायचं तर कसं?

लंडनच्या वॉटर्लूहून वेब्रिजला ट्रेन आहे. पूर्ण दिवस ठेवा, कारण तिथे कॉनकॉर्ड हे आवाजापेक्षा वेगाने उडणारं प्रवासी विमानपण आहे आणि मुलं तिथून हलत नाहीत. वेलिंग्टनपाशी गेलात की आधी लांबून पूर्ण बघा, मग जवळ जाऊन एकच शंकरपाळं निवडा आणि त्याच्या चारही कोपऱ्यांतले रिव्हेट मोजा, मुलांना हे फार आवडतं, आणि मग शेवटी मागे टर्रेटच्या बाजूला जा. ती जागा किती अरुंद आहे ते बघा, तिथे सार्जंट फेन्सम बसायचे.